जुनी बॉडी, नवा सांगाडा : जीपगाड्यांच्या अदलाबदलीसंबंधी

सिल्वासाहून खानवेलकडे जाणारा रस्ता कारखान्यांची वस्ती मागे टाकून डोंगराळ भागात शिरला की वाहनांची जात बदलते. मोटारी विरळ होतात आणि जीप, सुमो, बोलेरो, पिक-अप यांचे राज्य सुरू होते. बाजारहाटाला निघालेली मंडळी, पाळीला जाणारे कामगार, शाळेची मुले, आजारी माणूस, सिमेंटची पोती आणि भाजीच्या पाट्या या सर्वांचा भार हीच वाहने वाहतात. दादरा व नगर हवेलीची हद्द एका बाजूस महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्याला व दुसऱ्या बाजूस गुजरातच्या वलसाड जिल्ह्याला भिडलेली असल्यामुळे एकाच चहाच्या टपरीसमोर डी.एन. ०९, एम.एच. ४८ आणि जी.जे. १५ अशा तीन पाट्यांच्या गाड्या उभ्या दिसतात. गाड्यांची खरेदी-विक्रीही अशीच तीन हद्दींत चालते.

काही दिवसांपूर्वी या भागातील एका गॅरेजच्या अंगणात एका जुन्या सुमोची बॉडी चार पिंपांवर ठेवलेली पाहावयास मिळाली. शेजारी एका अलीकडच्या पिक-अपचा उघडा सांगाडा उभा होता. मालकाचा हिशोब सरळ होता : सुमोचा सांगाडा गंजला आहे, इंजिन थकले आहे, पण बॉडी शाबूत आहे. पिक-अपचा हौदा अपघातात चेपला आहे, पण इंजिन व चाके नवीन आहेत. मग एकाची बॉडी दुसऱ्यावर का चढवू नये? हा प्रश्न विचारणारा मनुष्य मूर्ख नव्हे. यंत्राची जाण असलेल्या कोणाही काटकसरी माणसाच्या मनात तो येईल. परंतु त्याचे उत्तर गॅरेजच्या अंगणात पूर्णपणे मिळत नाही, आणि जे मिळते ते पुष्कळदा अर्धवट असते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देण्याचे योजिले आहे.

साटा आणि चाके

बैलगाडी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मोटारीची ही रचना समजण्यास अडचण पडू नये. गाडीचा साटा वेगळा व खालची आस आणि चाके वेगळी. साटा मोडला तर सुतार नवा करून देतो, चाके तीच राहतात. ट्रक, पिक-अप आणि जुन्या पद्धतीच्या जीपगाड्या यांत हेच तत्त्व आहे. पोलादाच्या दोन लांब तुळया समांतर ठेवून त्यांना आडव्या तुळयांनी जोडले की शिडीसारखा एक सांगाडा तयार होतो. गॅरेजात त्याला चासी म्हणतात. इंजिन, गिअरपेटी, पाटे, आस, ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी हे सर्व त्या शिडीला जोडलेले असते. बॉडी म्हणजे वरची पत्र्याची खोली. ती रबरी गाद्यांवर बसवून बोल्टांनी आवळतात. बोल्ट सोडले, तारा व नळ्या मोकळ्या केल्या, सुकाणूचा दांडा अलग केला की ती वर उचलता येते.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत अशी सोय नाही. त्यांत सांगाडा आणि बॉडी एकजीव असतात. पत्र्याची खोलीच भार सोसते. म्हणून अदलाबदलीचा विचार केवळ शिडीच्या सांगाड्यावरील गाड्यांपुरताच संभवतो.

ट्रकच्या पोटी जन्मलेल्या गाड्या

जीप आणि मालमोटार यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९३५ मध्ये हलक्या ट्रकच्या सांगाड्यावर बंद बॉडी चढवून ‘सबर्बन’ नावाची गाडी काढली. त्याच कंपनीची १९६९ ची ‘ब्लेझर’ हीदेखील पिक-अपवरूनच बेतलेली होती. त्या देशात जुन्या गाडीची बॉडी नव्या पिक-अपच्या सांगाड्यावर बसविण्याचा छंद चांगलाच फोफावला, त्याचे मूळ या नात्यात आहे.

आपल्याकडील उदाहरण अधिक परिचयाचे आहे. पुण्याच्या टाटा कारखान्याने १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल २०६’ हा पिक-अप बाजारात आणला. त्याच्याच सांगाड्याच्या आधारे १९९१ मध्ये ‘सिएरा’, १९९२ मध्ये ‘एस्टेट’ आणि १९९४ मध्ये ‘सुमो’ या गाड्या आल्या. सुमो हे नाव जपानी मल्लांवरून पडले असावे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते टाटांच्या मोटार उद्योगाची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या व आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून घेतलेले आहे. मुळगावकर १९८९ मध्ये निवर्तले, गाडी त्यांच्यानंतर पाच वर्षांनी रस्त्यावर आली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी ग्रामीण रस्त्यांवर ती अद्याप धावताना दिसते.

सुमोचे पूर्वज पिक-अप आहेत, तेव्हा तिची बॉडी नव्या पिक-अपवर सहज बसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथेच पहिली ठेच लागते. सुमोच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे २,४२५ मिलिमीटर, तर त्याच कारखान्याच्या ‘झेनॉन’ या २००७ नंतरच्या पिक-अपमध्ये ते सुमारे ३,१५० मिलिमीटर. फरक ७२५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच फुटांचा. पुढची चाके बॉडीच्या कमानीत नीट बसविली तर मागची चाके दरवाजे सोडून पार मागच्या बंपरच्या दिशेने जातील. मग एकच मार्ग उरतो : सांगाडा मधोमध कापून आखूड करणे.

कापलेल्या तुळईचे गणित

सांगाडा कापून पुन्हा जोडणे हे खिडकीची जाळी जोडण्यासारखे काम नाही. घराच्या तुळईवर भार आला की तिची वरची कड दाबली जाते व खालची कड ताणली जाते. सांगाड्याच्या तुळईचेही तसेच. सर्वाधिक ताण तिच्या वरच्या व खालच्या कडांवर येतो, मधल्या उभ्या भागावर तो कमी असतो. या कारणास्तव मालमोटारींचे उत्पादक बॉडी बांधणाऱ्यांसाठी ज्या सूचना काढतात त्यांत कडांना भोक पाडू नये व वेल्डिंग करू नये असे सामान्यतः बजावलेले असते. नव्या सांगाड्यांचे पोलाद अधिक बळकट जातीचे असते. कारखान्यात ठराविक प्रक्रियेने त्याला ते बळ आलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पट्ट्यातील धातूची कणरचना बदलते आणि तेथील बळ कमी होते. जोड वरून कितीही गुळगुळीत घासला तरी हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

तो दिसतो पुढे, काही हजार किलोमीटर धावल्यावर. दुधनीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर दहा माणसे घेऊन गाडी चढते-उतरते, प्रत्येक खड्ड्यात तुळई किंचित वाकते व परत सरळ होते. तार वारंवार वाकवली असता तुटते, हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिले आहे. सांध्याच्या कडेला केसाएवढी चीर पडते, ती चिखलाने झाकली जाते आणि एके दिवशी भर भारात पूर्ण उघडते.

सांगाडा आखूड केला की इंजिनाची शक्ती मागच्या आसाकडे नेणारा फिरता दांडाही आखूड करावा लागतो. त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस ठराविक कोनातच नीट काम करतात. कोन बिघडला वा दांड्याचा तोल गेला तर गाडी विशिष्ट वेगाला थरथरू लागते. तो थरकाप गिअरपेटीचे बेअरिंग खातो. मालकाला वाटते, गिअरपेटी जुनी होती.

पाटा काढला की ब्रेक बिघडतो

अंतर जुळणारा सांगाडा मिळाला आणि कापाकापी टळली, असे समजू. तरीही प्रश्न संपत नाहीत.

पिक-अपचे मागचे पाटे मालाच्या वजनासाठी केलेले असतात. त्यावर तुलनेने हलकी बॉडी आली की गाडी खडखडते, उसळते, आणि उसळताना चाकाची रस्त्यावरील पकड सुटते. प्रवासी कुरकुर करू लागले की गॅरेजवाला एक-दोन पाटे काढून टाकतो. गाडी मऊ होते, सर्वांना बरे वाटते. परंतु पुष्कळशा पिक-अपमध्ये सांगाडा व मागचा आस यांच्या दरम्यान एक लहानशी झडप बसविलेली असते. सांगाडा आसाजवळ किती दबला आहे यावरून ती गाडीत माल किती आहे याचा अंदाज घेते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला कमी-अधिक दाब देते. रिकाम्या गाडीला मागे कमी ब्रेक, भरलेल्या गाडीला जास्त. पाटे काढल्याने सांगाडा कायमचाच खाली बसतो, झडपेला वाटते की गाडी भरलेली आहे, आणि हलक्या गाडीच्या मागच्या चाकांना ती पुरा दाब देते. पावसाळ्यात ओल्या उतारावर जोराने ब्रेक दाबला की मागची चाके आधी जखडतात व गाडीचा मागचा भाग फिरतो. चालकाचा ताबा सुटला, असे मग लोक म्हणतात. चालकाचा दोष नाही. पाटा काढणाऱ्यालाही या झडपेचे भान नव्हते.

उंचीचा प्रश्न याहून सोपा, पण तितकाच गंभीर आहे. दोन गाड्यांचे बोल्टांचे ठाव जुळत नाहीत म्हणून बॉडीखाली लोखंडी ठोकळे घालून ती वर उचलतात. गाडी कलंडण्यास किती टिकून राहील याचा ढोबळ हिशोब असा : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांमधील अंतर १.४५ मीटर व गुरुत्वमध्य ०.७० मीटर उंचीवर असे धरले तर उत्तर १.०४ येते. गुरुत्वमध्य केवळ दहा सेंटिमीटरने वर गेला, तर तेच ०.९१ होते, म्हणजे सुमारे तेरा टक्के घट. टपावर सामान लादले की ते आणखी उतरते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दिशा कोणत्याही गाडीत हीच असते.

तारांची गोष्ट तर निराळीच आहे. जुन्या डिझेल जीपला सुरू होण्यासाठी बॅटरी, स्टार्टर आणि पंप पुरेसे होते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली, आणि इंजिनाचा कारभार पूर्णतः एका संगणकी पेटीच्या हाती गेला. ही पेटी किल्लीची खूण, वेगाचा निर्देश, धुराच्या नळीतील तापमान अशा अनेक खबरा मागते. त्यांपैकी निम्म्या खबरा देणारी यंत्रे जुन्या बॉडीत नसतात. मग एखादा ‘इलेक्ट्रिकवाला’ तारा परस्पर जोडून दिवे विझवितो. त्या दिव्यांबरोबर चाके जखडू न देणाऱ्या ब्रेकची व्यवस्थाही कधी कधी विझते. बॉडी रबरी गाद्यांवर असल्याने तिला सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी वेगळी लावावी लागते, हे साधे कामही राहून जाते आणि दिवे लुकलुकत राहतात.

एवढे वाचून आपल्याकडे कुशल कारागीर नाहीत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्या पुन्हा उभ्या करण्याची परंपरा देशात जुनी आहे, हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर त्यासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. हात आहेत. उणीव आहे ती मोजमापाची आणि चाचणीची.

कारखान्याने केले तर चालते, आपण केले तर का नाही?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. महिंद्र कंपनीने २०१० मध्ये ‘थार’ नावाची गाडी काढली, तिचे रूप जुन्या जीपचे होते. खाली मात्र पुढच्या चाकांना स्वतंत्र झुलवण व नव्या पद्धतीचे डिझेल इंजिन होते. म्हणजे एका अर्थाने जुनी बॉडी व नवा सांगाडाच. फरक असा की, तो नमुना रस्त्यावर येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीस द्यावा लागतो. पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांपैकी एक. तेथे ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर, आसनांचे व पट्ट्यांचे बंध या सर्वांच्या चाचण्या होतात. एका नमुन्याचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला जातो, म्हणून कारखान्याला तो परवडतो. एका गाडीसाठी तो कोणालाच परवडणार नाही. गरिबाला हा नियम जाचक वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या गाडीत बसणारी शाळकरी मुलेही गरिबाचीच असतात.

कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे काय?

लोक गाडीला तिच्या रूपावरून ओळखतात, कायदा तिला सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून ओळखतो. पिक-अपच्या सांगाड्यावर सुमोची बॉडी चढविली तर कायद्याच्या दृष्टीने ती सुमो होत नाही. ती पिक-अपच राहते, पण नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वर्णनाशी न जुळणारी पिक-अप. मालवाहू वर्ग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामे वजन हे सारेच रकाने खोटे ठरतात.

पूर्वीचा, म्हणजे १९३९ चा मोटार वाहन कायदा, आणि १९८८ च्या कायद्याचे मूळ रूप याबाबतीत पुष्कळ सैल होते. नोंदणी अधिकाऱ्यास कळवून वा त्याची संमती घेऊन फेरफार करता येत असे. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविण्याची त्या काळातील लाट जुन्या मंडळींना आठवत असेल. २००० साली कलम ५२ मध्ये दुरुस्ती झाली आणि चित्र पालटले. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे आता कलम सांगते. इंजिन बदलावयाचे तर त्याच बनावटीचे व प्रकाराचे, आणि तेही संमतीने. सी.एन.जी.सारख्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच, तसेच अपंग व्यक्तीच्या वापरासाठी केलेले अनुकूलन यांस मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला व राज्याच्या नियमांच्या आधारे त्यातून सुटका होऊ शकत नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

काही ठिकाणी याहून घातक युक्ती सुचविली जाते : जुन्या सुमोचे पुस्तक जिवंत ठेवून तिचा क्रमांक नव्या सांगाड्यावर कोरावयाचा. ही चोरीच्या गाड्या खपविणाऱ्यांची रीत आहे. कोरलेला क्रमांक पुस्तकाशी न जुळल्यास कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द होते, आणि त्यापुढे फौजदारी चौकशी आहे. ज्याने भाबडेपणाने केवळ पैसे वाचविण्यासाठी हे केले त्याला चोरापासून वेगळे कसे ओळखावे, हा चौकशी अधिकाऱ्यापुढे प्रश्नच असतो.

हा फेरफार पुष्कळ दिवस पचतो, म्हणून लोक धजावतात. उघडकीस येतो तो नेमक्या अडचणीच्या वेळी : पासिंगला, विक्रीला, किंवा हद्द ओलांडल्यावर. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक ठेवली तर तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सिल्वासाची गाडी तलासरी किंवा जव्हारच्या मालकाने घेतली की निरीक्षक सांगाड्यावरील क्रमांक तपासणार, हे ठरलेलेच. आणि सर्वांत वाईट वेळ म्हणजे अपघाताची. फेरफार विमा कंपनीला कळविलेला नसेल तर गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाण्याचा संभव मोठा असतो, आणि जखमींना द्यावयाच्या रकमेचा वादही मालकाच्या दाराशी येऊ शकतो. वाचविलेले लाखभर रुपये तेथे क्षणात दिसेनासे होतात.

मग जुन्या गाडीचे काय करावे?

बॉडी शाबूत व सांगाडा गंजलेला असेल तर त्याच बनावटीचे सुटे भाग वापरून मूळ सांगाड्याची दुरुस्ती करता येते का, हे प्रथम पाहावे. मूळ सांगाडाच बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर तसे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे. काम करून मग विचारू नये. खाजगी गाडीच्या नोंदणीस पंधरा वर्षे झाली असतील तर तपासणीअंती पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते.

गाडी खरोखरच संपली असेल, तर २०२१ च्या नियमांखालील नोंदणीकृत मोडणी केंद्रात ती द्यावी व ठेव प्रमाणपत्र घ्यावे. त्या आधारे नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत मिळू शकते. केंद्राने तिची कमाल मर्यादा खाजगी गाडीस २५ टक्के व परिवहन गाडीस १५ टक्के ठेवली आहे. प्रत्यक्ष दर त्या त्या कार्यालयात विचारावा. पिक-अपचा हौदा चेपला असेल तर त्याच प्रकारचा हौदा बसवून घेण्यास हरकत नाही. ज्यांना वेगळी बॉडी हवीच आहे त्यांनी उत्पादकाकडून बॉडीविना मिळणारा सांगाडा घेऊन मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून ती बांधून घ्यावी. अशा वेळी बांधणीकाराचे नमुना २२-अ मधील प्रमाणपत्र नोंदणीस लागते.

जुनी जीप किंवा सुमो विकत घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी अर्धा तास गाडीखाली घालवावा. बरोबर ओळखीचा मिस्त्री असल्यास उत्तम. सांगाड्यावरील क्रमांक मातीखालून घासून वाचावा, तो पुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा, आजूबाजूचा पत्रा घासलेला वा नव्याने रंगविलेला नाही ना हे बोटाने चाचपावे. दोन्ही लांब तुळयांवरून हात फिरवीत जावे आणि मध्येच आडवा वेल्डिंगचा उंचवटा लागला तर तेथेच थांबावे. बॉडी व सांगाडा यांच्यामध्ये रबराऐवजी लोखंडी ठोकळे दिसले, किंवा मागच्या पाट्यांची संख्या डावी-उजवीकडे सारखी नसली, तर विक्रेत्यास कारण विचारावे. पुस्तकावर ‘मालवाहू’ लिहिलेले असून आत तीन रांगांची आसने असतील, तर कारण विचारण्याचीही गरज नाही.